अंबरनाथ की बदलापूर? मुंबईची खोली सोडताना

आपल्या संस्थेच्या सभासदांची यादी चाळली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यादीतले बहुतेक पत्ते नायगाव, वरळी, डिलाईल रोड, माटुंगा लेबर कॅम्प असे होते. आज त्याच कुटुंबांच्या नावांपुढे कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा असे पत्ते आहेत. चाळीतली खोली अपुरी पडली, मुलांची लग्ने झाली, गिरण्या गेल्या, आणि माणसे रेल्वेच्या रुळाबरोबर पुढे पुढे सरकत गेली. संस्थेच्या दर बैठकीनंतर चहा घेताना कोणी ना कोणी तरुण सभासद आम्हांला बाजूला घेऊन विचारतोच, "काका, जागा घ्यायची आहे. अंबरनाथला घेऊ की बदलापूरला?" प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख. विद्यार्थ्यांनीही तो वाचावा. कारण घर बदलते तेव्हा सर्वांत जास्त फरक त्यांच्या दिवसात पडतो आणि त्यांना विचारले मात्र सर्वांत शेवटी जाते.

आमचे स्वतःचे सांगतो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांची एक खोली आणि तीत आम्ही नऊ माणसे. थोरले बंधू, वहिनी, त्यांची दोन मुले, आई, आम्ही उभयता आणि आमची दोन मुले. सन २००५ मध्ये मुलगी अकरावीला गेली तेव्हा तिला अभ्यासाला जागा म्हणून उरली ती फक्त बाहेरची गॅलरी. आम्ही प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचे ठरवले आणि रविवारी रविवारी जागा पाहत हिंडू लागलो.

ठाणे, डोंबिवली आमच्या आवाक्याबाहेर होते. उरले कल्याणच्या पुढचे. आता कल्याणच्या पुढे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे आपल्या जुन्या व्हीटीपासून, कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. तेथे रूळ फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. त्यामुळे कल्याणपर्यंत ज्या गाड्या येतात त्यांतल्या काही तेथेच थांबतात आणि बाकीच्यांची दोन दिशांना वाटणी होते. कर्जतच्या फाट्यावर अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटरवर आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर. शिवाय कल्याणपर्यंत चार रूळ आहेत, पुढे कर्जतच्या बाजूला वर्षानुवर्षे दोनच. त्याच दोन रुळांवरून लोकल जाते आणि पुण्याकडची मेल-एक्स्प्रेसही जाते. एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की लोकल सिग्नलला उभी. बदलापूरपर्यंत तिसऱ्या व चौथ्या रुळाचे काम हाती घेतलेले आहे. अंबरनाथ व बदलापूर यांच्या मध्ये आठ किलोमीटर एकही स्टेशन नाही, म्हणून तेथे चिखलोली हे नवे स्टेशन करायचे ठरले आहे. परंतु ठरलेले स्टेशन आणि गाडी थांबते ते स्टेशन यांत अंतर असते. बिल्डरच्या जाहिरातीतल्या नव्या स्टेशनावर भरवसा ठेवून कोणी आज घर घेऊ नये, एवढे आमचे मत.

तर प्रश्न आठ किलोमीटरचा. गाडीला तेवढ्याला आठ-दहा मिनिटे लागतात. दहा मिनिटांनी काय होते, असे आम्हीही म्हणत होतो. जाता-येता वीस मिनिटे, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे बारा महिने, असा गुणाकार केला तर वर्षाचे शंभर तास होतात. घरातून दोघे जण मुंबईला जात असतील तर दोनशे. बदलापूरला त्याच पैशांत एक खोली जास्त मिळत होती. म्हणजे व्यवहार असा होता, की एक खोली घ्या आणि दरसाल शंभर-दोनशे तास द्या. काही घरांना तो व्यवहार परवडतो. ज्या घरात सहा माणसे आहेत आणि मुंबईला एकच जण जातो, त्यांना एक खोली निश्चितच अधिक मोलाची.

परंतु जागा पाहत हिंडताना आमच्या लक्षात आले, की ही आठ किलोमीटरे फसवी आहेत. अंबरनाथला आम्ही एक जागा पाहिली, ती स्टेशनपासून इतकी आत, की शेअर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे आणि रिक्षात पंधरा. बदलापूरला एक पाहिली, ती स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. यांपैकी मुंबईला जवळ कोणती? तिकिटावर अंबरनाथ. प्रत्यक्षात बदलापूर. गावांची नावे बाजूला ठेवा आणि घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या ठिकाणच्या हजेरीपर्यंत घड्याळ लावा. तेही रविवारी नव्हे. रविवारी दुपारी जागा दाखवणे हा एजंट लोकांचा धर्मच आहे. गाडी रिकामी, रिक्षा समोर उभी, सगळे कसे छान वाटते.

बसायला जागा मिळण्याचेही एक गणित आहे. बदलापूरहून सुटणारी गाडी अंबरनाथला येते ती भरूनच. अंबरनाथहून सुटणाऱ्या गाडीत अंबरनाथकराला बसायला मिळते, पण तिची वेळ आपल्या वेळेशी जुळली पाहिजे. म्हणून अंबरनाथचे कित्येक लोक सकाळी उलटे बदलापूरला जातात, जागा धरतात आणि त्याच गाडीने परत येतात. त्यांचे वाचलेले दहा मिनिट तेथेच संपले! आणि ज्याचा पास अंबरनाथपर्यंतचाच आहे त्याने असे केले तर तो विनातिकीट ठरतो, हेही लक्षात ठेवावे.

आमच्या घरी निर्णय झाला तो बदलापूरचा. पश्चिमेला एका नव्या इमारतीत तळमजल्यावरचा ब्लॉक, आईला जिना नको म्हणून. जून २००५ मध्ये आम्ही एकवीस हजार रुपये टोकन दिले. कागद म्हणून बिल्डरच्या लेटरहेडवर दोन ओळींची पावती.

त्यानंतर २६ जुलै आला. मुंबईत त्या दिवशी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बदलापुरात उल्हास नदीचे पाणी पश्चिमेच्या सखल भागात शिरले आणि तळमजले बुडाले. गाड्या सुरू झाल्यावर आम्ही जाऊन पाहिले. आमच्या व्हायच्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ आमच्या खांद्याच्या वर होती. इमारतीत आधीच राहायला आलेले एक कुटुंब रस्त्यावर गाद्या, पुस्तके आणि धान्याचे डबे वाळत घालत होते. त्यांच्या मुलाची दहावीची वह्या-पुस्तके एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. सौभाग्यवतींनी तेथेच उभ्या उभ्या सांगितले, "आईंना इथं ठेवून मी ड्यूटीला जाणार नाही." टोकनाचे निम्मे पैसे आठ महिन्यांनी, पंधरा खेपा घातल्यावर मिळाले. निम्मे गेले ते गेलेच.

पुढे आम्ही या विषयाची माहिती मिळवली, ती येथे देतो. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळवरून बदलापुरास येते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, की बदलापुरात ऊन असले तरी पाणी चढू शकते. पाटबंधारे खाते नदीच्या काठाने दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घरे बांधण्यास मनाई, तर निळी व लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम अटींवर. आता 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पूर येऊन गेला म्हणजे शंभर वर्षे निश्चिंत, असा नाही. दर वर्षी तेवढी शक्यता असते, असा आहे. २००५ नंतर चौदाच वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैतही पश्चिमेच्या सखल वस्तीत पाणी आलेच. म्हणून बदलापुरात जागा पाहताना नगरपालिकेत विकास आराखडा पाहावा, त्यावर पूररेषा कोठून जाते ते विचारावे, आणि आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना एकच प्रश्न विचारावा. २००५ ला पाणी कोठपर्यंत होते? हात वर करून ते दाखवतात. त्याहून खरा दाखला नाही.

यावरून कोणी असे समजू नये, की बदलापूर वाईट आणि अंबरनाथ चांगले. अंबरनाथला नदीचे भय कमी, पण हवेचे जास्त. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. ऑर्डनन्स फॅक्टरी, आगपेटीचा कारखाना, नंतर एमआयडीसी आणि तिच्यातले रासायनिक कारखाने. पुष्कळांची पोटे त्यावर भरली. मात्र काही भागांत रात्री दहा-अकरानंतर एक उग्र वास सुटतो, तो दिवसा जागा पाहायला आलेल्या माणसाला कळतही नाही. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे प्राचीन शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, त्या वालधुनीचे पाणी आज काय झाले आहे ते पुलावर उभे राहून पाहावे. दम्याचा विकार असलेले माणूस घरात असेल तर अंबरनाथची जागा एकदा रात्री जाऊन पाहिल्यावाचून घेऊ नये.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही गावे सारखीच. दोन्हींना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते. गावाला किती येते यापेक्षा त्या इमारतीच्या टाकीत किती चढते, हा खरा प्रश्न. मे महिन्यात टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत का वेगळे, हे तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारावे, सेक्रेटरीला नव्हे. विजेचे मात्र आम्हांला पहिली काही वर्षे फार जड गेले. नायगावला बेस्टची वीज कधी गेलेली आठवत नव्हती आणि येथे २००६ मध्ये रोज काही तास लोडशेडिंग. मुलीने बारावीचा निम्मा अभ्यास मेणबत्तीवर केला. ते दिवस आता सरले.

शेवटी आम्ही अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतले. बदलापूरच्या ब्लॉकपेक्षा लहान. असे का केले, ते सांगितले पाहिजे, कारण तोच या लेखाचा मुद्दा आहे. पहिल्या वेळी आम्ही किंमत आणि चौरस फूट यांचा विचार केला होता. दुसऱ्या वेळी घरातल्या प्रत्येकाचा एक दिवस कागदावर लिहून काढला.

आमचे स्वतःचे ऑफिस फोर्टमध्ये, दहाचे. आमचे कसेही भागले असते. सौभाग्यवती परळच्या रुग्णालयात पाळीवर. सकाळची पाळी असली की पहाटे पाचच्या सुमारास घर सोडायचे. जलद गाडी परळला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून धीमी धरायची. दुपारची पाळी असली की घरी येईतो रात्रीचे बारा. त्या वेळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरत नाही आणि एकट्या बाईकडे रिक्षावाला दुप्पट मागतो. म्हणजे तिच्यासाठी अट एकच होती. रस्ता चालत जाता येईल असा, दिव्यांचा आणि दुकानांचा हवा. मुलीला फोर्टला सिद्धार्थ कॉलेजात जायचे होते. तिच्यासाठी अट संध्याकाळच्या परतीची. आईसाठी अट दवाखान्याची. अंबरनाथहून उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय रिक्षाने गाठता येते आणि बदलापूरचे लोकही मोठ्या दुखण्याला तेथेच येतात. हे सारे कागदावर उतरल्यावर निर्णय आपोआप झाला. आमच्या सोयीचा स्तंभ सर्वांत लहान होता आणि पहिल्या वेळी आम्ही फक्त तोच पाहिला होता!

हे आवर्जून लिहिण्याचे कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने स्टेशनपासून फार आत मोठा ब्लॉक घेतला. वडिलांची सेकंड शिफ्ट, मोटारसायकल, त्यांचे काहीच अडले नाही. त्यांची मुलगी मुंबईच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. रात्री आठला स्टेशनवर उतरून पुढे अंधाराचा रस्ता. चार महिने भावाने ने-आण केली, मग त्याची परीक्षा आली आणि मुलीचे कॉलेज सुटले. ती अभ्यासात हुशार होती. घरच्यांचा तसा हेतूही नव्हता. घर घेताना तिच्या परतीची वेळ कोणी विचारली नव्हती, एवढेच.

आणखी एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असा विचार करून लिहीत आहोत. जागा पाहताना आम्हांला तीन ठिकाणी आधी आडनाव विचारले गेले आणि मग 'मालकांचा विचार बदलला' असे कळले. दोन अंबरनाथला, एक बदलापूरला. गावावर दोष नाही, माणसांवर आहे. अशा सोसायटीत भांडून शिरण्याचा हक्क आपल्याला आहेच. तो बजावायचा की ज्या सोसायटीत आईला शेजारणी मिळतील तेथे जायचे, हे ज्याच्या त्याच्या घरच्या परिस्थितीवर आहे. आम्ही दुसरे केले. आमच्या मुलाने पुढे पहिले केले.

मुलाने २०१८ मध्ये घर घेतले, ते बदलापूर पूर्वेला. त्याच्या वेळी काळ बदलला होता. १ मे २०१७ पासून महारेराचा कायदा लागू झाला होता. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि जागा कार्पेट एरियावरच विकावी लागते. आमच्यासारखी दोन ओळींची पावती त्याने घेतली नाही. सातबारा, बिनशेती आदेश, बांधकामाची परवानगी हे सगळे वकिलाकडून तपासून घेतले. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये. आता २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. त्याने घर उंचावरच्या भागात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर घेतले. २०१९ च्या पुरात त्याच्याकडे पाणी आले नाही, परंतु गाड्या बंद होत्या आणि पश्चिमेचे एक ओळखीचे कुटुंब त्याच्या दोन खोल्यांत आठवडाभर राहिले. त्याची पत्नी बदलापुरातच शाळेत शिकवते. त्यांच्या कागदावर बदलापूरच येणार होते. ते बरोबरच आहे.

राहिली नायगावची खोली. ती आम्ही विकली नाही, बंधूंकडेच ठेवली, यासाठी त्या वेळी लोकांनी वेड्यात काढले. आज बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि पात्र रहिवाशांना १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्याही मिळाल्या. ज्यांनी घाईने, मिळेल त्या भावात खोल्या सोडल्या त्यांना आता वाईट वाटते. तरी खोली कोणाच्या नावावर राहील, हे भावाभावांनी बाहेर पडण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे. तोंडी ठरलेले पन्नास लाखांच्या घरापुढे टिकत नाही.

आणि जाताना जुन्या ट्रंका रिकाम्या करू नका. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ठाणे जिल्ह्यात राहायला आल्याने ती तारीख बदलत नाही. आजोबांच्या काळची भाडेपावती, गिरणीचे कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला यांतला एकेक कागद नातवाच्या प्रवेशाच्या वेळी सोन्याच्या मोलाचा ठरतो. सामान हलवताना रद्दीत गेलेल्या एका पावतीपायी गावाकडे चार खेपा घालणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा आणि रेशनकार्डाचे कामही पहिल्याच महिन्यात उरकावे. मूल दहावीला असेल तर मात्र एक वर्ष थांबावे.

जे सभासद या वर्षी जागा पाहणार आहेत, त्यांनी मध्ये एखादा आठवडा काढून नव्या जागेपासून कामावर रोज जाऊन-येऊन पाहावे. त्या बाजूला नातेवाईक असेल तर चार रात्री त्याच्याकडे मुक्काम करावा, आणि बरोबर मुलीला किंवा सुनेला घ्यावे. नातेवाईक नसेल तर आमचे घर आहे. अंबरनाथ पूर्वेला उतरून कळवा, आम्ही न्यायला येऊ. फक्त यायचे ते जुलैत, चांगला पाऊस लागलेला असताना.